मन घट्ट करा, टार्गेट गाठा

फ्लॅट विकणाऱ्यांचं मन खंबीर करण्याचे वर्ग सध्या जोरात आहेत. हॉटेलातला एसी हॉल, भर उन्हाळ्यात टाय लावलेली पोरं, आणि कोच ओरडतो, ‘नकार म्हणजे काय?’ पोरं एका सुरात, ‘होकाराची पहिली पायरी!’ मग चहा-बिस्किटं.

नकार पचवायला एवढा खर्च कशाला, कळत नाही. फोनवर ‘नको’ ऐकून कुणी मेल्याचं ऐकिवात नाही. छाती वज्राची लागते ती गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी साइटवर येतं तेव्हा.

हिंजवडीकडची एखादी रविवार सकाळ घ्या. नवरा-बायको, कॉलेजातला मुलगा, आजोबा आणि ‘सहज आलोय’ म्हणणारे वास्तुवाले काका. सॅम्पल फ्लॅटमध्ये बेडरूमला दार नाही, कारण दार उघडलं तर कपाटाला लागेल. पलंग सुबक. आजोबांनी काठी आडवी धरून त्याची लांबी मोजली आणि विचारलं, ‘‘पाहुण्यांनी पाय घरी ठेवून यायचे का?’’ अशा वेळी हसणं सोडायचं नाही, हा पहिला धडा.

‘‘कार्पेट किती?’’

‘‘सेलेबल साडेनऊशे, सर.’’

‘‘कार्पेट विचारलं मी.’’

‘‘व्ह्यू बघा ना मॅडम, समोर कायम मोकळं राहणार!’’

२०१७पासून महाराष्ट्रात रेरा आहे आणि फ्लॅट कार्पेटवरच विकायचा असतो. पण कोचच्या मते गिऱ्हाइकाला आकडे नकोत, स्वप्न द्यावं. स्वप्नाचं कार्पेट निघत नाही, ही त्यातली सोय.

मग मेट्रो. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये झालं. तेव्हापासून ती या पोरांच्या तोंडून रोज धावते. ‘मेट्रो सुरू झाली की भाव बघा!’

आणि शेवटी तो प्रश्न. ‘‘पझेशन कधी?’’

‘‘डिसेंबर, सर.’’ साल सांगायचं नाही.

जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं महारेरानं २०२३पासून सक्तीचं केलंय. मुलानं तिथल्या तिथे मोबाइल धरला आणि जाहीर केलं, ‘‘बाबा, इथे तीन वर्षांनंतरची तारीख आहे.’’ फ्लॅट विकणारा पोरगा डगमगला नाही. ‘‘ती रेराची तारीख, सर. आमची टार्गेट डेट वेगळी.’’ एकाच इमारतीला दोन जन्मतारखा असल्याचं इतक्या शांतपणे सांगायला खरोखर तपश्चर्या लागते. वास्तुवाल्या काकांनीसुद्धा मान डोलावली.

टोकनचंही तसंच. करारनाम्याची नोंदणी होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, असं रेराचं कलम १३ सांगतं. एजंटांना आता परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं, म्हणजे हे त्यांना पाठ असणार. पण मीटिंगमध्ये कुणी हे बोललं, की साहेबांचं निदान ठरलेलं, ‘निगेटिव्ह माइंडसेट!’ उपचार म्हणून पुढच्या बॅचला नाव.

पितृपक्षात पुन्हा कसोटी. पंधरवडाभर कुणी टोकनचा चेक फाडत नाही. पितरांना कळतं, सेल्स हेडला कळत नाही. सकाळी ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग चॅम्पियन्स’, रात्री अकराला ‘आजचा आकडा टाका’. आकडा शून्य टाकला की उत्तरादाखल सिंहाचा फोटो येतो.

या सगळ्यात बिल्डरचं मन खंबीर करणारा कोच मात्र कुणी अजून काढलेला नाही. खरं कार्पेट आणि खरी तारीख छापायला किती धैर्य लागतं, याचा विचारच कुणी करत नाही. त्यापेक्षा पोरांना टाय बांधून ओरडायला लावणं स्वस्त पडतं.

तर वाचकहो, पुढच्या रविवारी साइट बघायला निघालात तर रेरा क्रमांक घरीच तपासा आणि मोजायची टेप बरोबर घ्या. त्या पोरावर मात्र खेकसू नका. तो सकाळी नऊपासून उभा आहे, आणि पझेशनची तारीख काही त्यानं ठरवलेली नाही.