बॉनेटकाका

मुंबईच्या उपनगरातल्या कुठल्याही सोसायटीत जा, पार्किंगमध्ये उभ्या गाडीचं बॉनेट उघडा आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे म्हणा. आठाच्या आत उजव्या खांद्यामागून आवाज येतो, "काय रे, तेल गळतंय?" हा आवाज बॉनेटकाकांचा. मुलुंडला ते असतात, बोरिवलीला असतात, घाटकोपरच्या पंतनगरात असतात आणि अंधेरीत तर विंगवार असतात. शेअर सर्टिफिकेटवर त्यांचं काहीतरी वेगळं नाव असतं, पण ते फक्त सेक्रेटरीला आणि काकूंना ठाऊक.

वेश ठरलेला. गुडघ्याखाली संपणारी बर्म्युडा, बाह्यांचा बनियन, खिशात टॉर्च आणि नाकावर दोरी बांधलेला चष्मा. बॉनेट उघडल्याचा आवाज त्यांना चौथ्या मजल्यावर, प्रेशर कुकरची शिट्टी चालू असतानाही ऐकू येतो. घराची बेल वाजली तर दार मात्र काकूंनाच उघडावं लागतं.

आमच्या मुलुंडच्या बॉनेटकाकांची हयात महापालिकेच्या जलखात्यात गेली. मध्यरात्री रस्ता शांत झाला, की लोखंडी सळईचं एक टोक पाइपाला आणि दुसरं कानाला लावून जमिनीखालची गळती ऐकणारी जी माणसं असतात, त्यांतले हे. निवृत्तीनंतर मुंबईचं पाणी त्यांच्या ताब्यातून गेलं, पण कान शाबूत राहिले. तेव्हापासून ते पार्किंगमध्ये गळत्या शोधतात. स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही. बेस्टनं आणि लोकलनं फिरतात. कुणी विचारलंच तर म्हणतात, "स्वतःची गाडी आली की माणूस पक्षपाती होतो."

अशा निःपक्षपाती माणसाच्या आयुष्यात डी विंगमधल्या पोरानं स्टँडर्ड हेराल्ड आणून उभी केली. पोरगा कॉम्प्युटरवाला, पस्तिशीचा. गाडी लग्नाआधी घेतली, म्हणून घेता आली. हेराल्ड म्हणजे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून बनवलेली गाडी. मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची, रेखाटलेली मिकेलॉटी या इटालियनानं. इंजिन अवघं ९४८ सीसीचं, दारं सुरुवातीला दोनच. हिचीच चासी आखूड करून ट्रायम्फनं १९६२ मध्ये स्पिटफायर नावाची स्पोर्ट्स कार काढली. तेवढ्या नात्यावर पोरगा हिलाही स्पोर्ट्स कारच म्हणतो. सेक्रेटरी तिला पत्रव्यवहारात 'सदर वाहन' म्हणतात.

बॉनेटकाका तिला काहीच म्हणाले नाहीत, इतके ते भारावले होते. कारण हेराल्डचं बॉनेट इतर गाड्यांसारखं नुसतं झाकण नाही. दोन्ही बाजूंच्या मडगार्डांसकट ते अख्खंच्या अख्खं पुढे उलटतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी उघडं पडतं. पुढच्या चाकावर बूड टेकवून आरामात आत डोकावता येतं. आजच्या गाड्यांत बॉनेट उघडलं तरी दिसतं काय, तर प्लॅस्टिकचं काळं कव्हर. त्या कव्हरांनी किती बॉनेटकाकांची उमेद मारली असेल, कोण जाणे.

आणि हेराल्ड गळत होती. पेव्हर ब्लॉकवर रोज सकाळी रुपयाएवढा काळा डाग पडायचा. सेक्रेटरींची नोटीस लागली, 'सदर वाहनातून होणाऱ्या तेलगळतीमुळे आवाराचे विद्रूपीकरण होत असून.' पुढे वाक्य संपवायचं राहून गेलं होतं. मग रविवारी सकाळी गाडीभोवती सभा भरली. वॉचमन म्हणाला, "साब, एसी का पानी होगा." हेराल्डला एसी नसतो, हे त्याला सांगायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. बी विंगमधले एक गृहस्थ म्हणाले, "वय झालं की गळायचंच," आणि स्वतःच्या गुडघ्यावर गेले. एलबीएस मार्गावरचा एक गॅरेजवाला आधीच निकाल देऊन गेला होता. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, तिथून थेंब पडतोय, म्हणजे क्रँकची मागची सील गेली, गिअरबॉक्स उतरवा. हेराल्डचा गिअरबॉक्स गाडीच्या आतून काढावा लागतो. आधी सीटा बाहेर, मग मधलं कव्हर बाहेर, मग गिअरबॉक्स. हे ऐकून पोराच्या बायकोनं वरून नुसतं पाहिलं, आणि पोराला मजुरीचा आकडा न विचारताच कळला.

बॉनेटकाका तोवर बोलले नव्हते. त्यांनी डागात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि वास घेतला. "काळपट, करपट. इंजिन ऑइल. गिअर ऑइल असतं तर गंधकासारखा घाण वास आला असता. रेडिएटरचं पाणी हिरवं असतं. ब्रेक ऑइल पातळ असतं, आणि ते असतं ना, तर तू आत्ता इथे उभा नसतास, चेकनाक्याच्या सिग्नलला कुणाच्या तरी डिकीत असतास." मग ते चाकावर बसले आणि जलखात्यातला सिद्धांत सांगितला. "पाणी जिथे दिसतं, तिथे फुटलेलं नसतं. पाइप फुटतो वरच्या गल्लीत आणि ओल येते खालच्या बिल्डिंगीत. थेंबाकडे काय बघतोस? थेंब म्हणजे शेवटचं स्टेशन. गाडी कुठून सुटली ते बघ."

मग उपचारांआधीचं ते शास्त्रशुद्ध निदान सुरू झालं, ज्याचा गॅरेजवाल्यांना कंटाळा असतो आणि बॉनेटकाकांना व्यसन. आधी इंजिन धुवायचं. रॉकेल हल्ली औषधालाही मिळत नाही, म्हणून बाटलीभर डिझेल आणि रंगाचा ब्रश. वर्षानुवर्षांचं कीट निघाल्याशिवाय नवं तेल ओळखूच येत नाही. मग कोरडं पुसायचं. मग काकूंच्या नकळत आणलेला टाल्कम पावडरचा डबा इंजिनावर उपडा करायचा. इंजिन पांढरंफटक झालं, की गाडी मुलुंड-ऐरोली पुलावरून एक चक्कर मारून आणायची, म्हणजे तेल तापून पातळ होतं आणि लपलेली गळती बाहेर येते. परतल्यावर टॉर्च लावून खालून वर बघत जायचं आणि पावडर जिथे सगळ्यात उंचावर भिजली असेल, तिथे बोट ठेवायचं.

काकांचं बोट टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यावर थांबलं. इंजिनाच्या डोक्यावरचं हे पत्र्याचं झाकण. त्याच्याखाली कॉर्कचं पॅकिंग असतं. ते कडक होऊन चिरलं होतं. तेल तिथून निघायचं, इंजिनाच्या पाठीवरून गुपचूप उतरायचं आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून टपकायचं. मागच्या सीलवर जो आरोप होता, तो एवढ्या पुराव्यावर. सील निर्दोष सुटली. कुर्ल्याहून कॉर्कची शीट आणून पॅकिंग कापून घेतलं, तर त्याला जाण्यायेण्याच्या रिक्षाएवढेही पैसे पडले नाहीत. पोरानं काकांच्या पायाला हात लावला. काका म्हणाले, "राहू दे, हात तेलकट आहेत तुझे."

गोष्ट इथे संपती, तर बॉनेटकाका संत ठरले असते. पण निदान झाल्यावर त्यांना घरी जाता येत नाही. हेराल्डचं टॅपेट कव्हर डोक्यावरच्या दोन नटांनी धरलेलं असतं. ते हातानं बसतील तेवढे बसवून, वर पान्याचा थोडासा ताण पुरतो. काका म्हणाले, "अजून अर्धा आटा दे." पोरानं दिला. "अजून अर्धा." तीन फुटी जलवाहिनीच्या फ्लँजचे बोल्ट आवळण्यात ज्यांचं तारुण्य गेलं, त्यांच्या लेखी गळती म्हणजे कमी आवळणं. कॉर्कला हे तत्त्वज्ञान मानवत नाही. तो चेपला, कडेनं बाहेर आला, वरचा पत्रा वाकला, आणि दुसऱ्या दिवशी पेव्हर ब्लॉकवर रुपयाऐवजी बशी उमटली. सेक्रेटरींनी नोटिशीचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं.

पोरगा शहाणा. त्यानं पुढचं काम रात्री, जेवणानंतर, बॉनेटचा आवाज न करता उरकलं. कव्हरच्या वाकलेल्या कडा लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातानं सरळ केल्या, नवं पॅकिंग घातलं, नट जेमतेम आवळले. गळती थांबली. सकाळी काकांनी वाकून कोरड्या फरशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बघ, त्या अर्ध्या आट्यानं काम झालं."

बॉनेटकाकांच्या उपनगरी पोटजाती आहेत. घाटकोपरचे आधी खर्च विचारतात, मग रोग. अंधेरीचे आधी मोबाइलवर व्हिडिओ काढतात. बोरिवलीच्या आयसी कॉलनीतले अंकल खरोखरच जाणकार असतात आणि म्हणूनच फार बोलत नाहीत. पण एक गुण सगळ्यांत समान. गाडी दुरुस्त व्हावी अशी त्यांची घाई नसते, आणि घाई नसलेला माणूसच गळतीचा उगम शोधू शकतो. गॅरेजवाल्याला संध्याकाळपर्यंत चार गाड्या काढायच्या असतात. त्याला थेंब दिसतो तिथे रोग सापडतो. काकांना संध्याकाळपर्यंत काहीच काढायचं नसतं. त्यामुळे त्यांची निदानं बहुधा बरोबर निघतात आणि इलाज बहुधा महाग पडतात.

तेव्हा तुमची गाडी जुनी असेल आणि खाली काळे डाग पडत असतील, तर गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी एक रविवार तुमच्या सोसायटीतल्या बॉनेटकाकांना द्या. चहा द्या, टॉर्च द्या, टाल्कम पावडर द्या, सांगतील ते सगळं ऐकून घ्या. पाना तेवढा देऊ नका.