बापूंची पिवळी तार

बापूंनी वीज खात्यात उभी हयात काढली आणि निवृत्त होताच त्यांचा तांब्यावरचा विश्वास उडाला. "मी जिंदगीभर तारा ओढल्या, मले सांगू नोको. तांब्यातून करंट येते, अन् त्याच्यासंग साऱ्या मोहल्ल्याचा कचराही येते. काचीतून निरा उजेड जाते."

अमरावतीत बडनेरा रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं घर. इंटरनेट तिथे फायबरनंच येतं, जसं हल्ली तुमच्याआमच्याकडेही येतं. पण राऊटरपाशी काच संपते आणि पुढे इंटरनेटवरची गाणी वाजवणाऱ्या डब्यापर्यंत, म्हणजे स्ट्रीमरपर्यंत, साधी लॅनची वायर. तेवढी हॉलच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाणारी वायर बापूंच्या डोळ्यात सलायला लागली. त्यांनी राऊटरजवळ एक मीडिया कन्व्हर्टर बसवला, तो विजेचा उजेड करतो. स्ट्रीमरजवळ दुसरा, तो उजेडाची परत वीज करतो. मधे पिवळी फायबर. राऊटरच्या अंगातली विजेची कुरकुर गाण्यापर्यंत पोचू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. वहिनींनी त्या पिवळ्या तारेवर एकदा ओला टॉवेल टाकला, तेव्हा बापू आंघोळ अर्धी टाकून धावत आले. फायबर फार वाकली की उजेड बाहेर गळतो, हे खरंच आहे. पण ते कमरेला पंचा गुंडाळून सांगितलं की खरं वाटत नाही.

पुढची अडचण अशी की प्रत्येक कन्व्हर्टरला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि विजेची कुरकुर करण्यात स्वस्त अ‍ॅडॉप्टरचा हात कोण धरणार! म्हणजे एक चोर घालवायला दोन चोर घरात आणले. हे ध्यानात आल्यावर बापूंनी स्ट्रीमरजवळचा डबा बॅटरीवर घेतला. आता लाइन गेली की सारं घर अंधारात, वहिनी वर्तमानपत्रानं वारा घेतायत, आणि कोपऱ्यात एक हिरवा दिवा निवांत लुकलुकतोय.

अभियांत्रिकीला असलेल्या भाच्याला हे बघवेना. "मामा, लॅनच्या पोर्टात बारके ट्रान्सफॉर्मर असतेच. गाण्याचा तुकडा रस्त्यात बिघडला, तर मशीन तो पुन्हा मागवून घेते. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाले १४ लाख बिट, अन् तुमची लाइन १० कोटींची. तुटवडा कायचा आहे?"

"तू मोजून राहिला," बापू म्हणाले, "मी आयकून राहिलो."

बापू अगदीच हवेत नाहीत. त्या बारक्या ट्रान्सफॉर्मरांतूनही थोडी कुरकुर झिरपते, काचेतून ती मुळीच जात नाही. पण बऱ्यापैकी यंत्रात तिचा आवाज कानाला कळण्याइतका होत असेल, यावर माझा विश्वास नाही. बापूंचा आहे, आणि तो त्यांनी हप्त्यांवर घेतलेला आहे.

ते ऐकतात काय? सुरेश भट. १९३२ साली याच अमरावतीत जन्मलेला कवी, त्यामुळे गझल बापूंना घरची. पण शेराची पहिली ओळ संपते, गायिका श्वास घेते, आणि बापू बटण दाबतात. "आयकली? ती सळसळ! थे जुन्या टेपची हाये, आपल्या वायरची नाई!" पाहुणा मान डोलावतो. बापू खूश होऊन गाणं मागं नेतात. शेराची सारी मजा दुसऱ्या ओळीत असते हे शाळकरी पोट्ट्यालाही ठाऊक आहे. पण बापूंच्या हॉलमध्ये दुसरी ओळ अजून कोणाच्या कानी पडलेली नाही.

त्यांचे अकोल्याचे साडभाऊ तबकडीवाले. तबकडी, सुई आणि तांब्याची जाड वायर, यापलीकडे जगात संगीत नाही असं त्यांचं मत. त्यांना जिंकायला बापू ऐन मे महिन्यात दोन्ही डबे आणि पिवळ्या तारेचं भेंडोळं पिशवीत घालून बडनेऱ्याहून गाडीत बसले. मे महिन्यातलं अकोलं म्हणजे पारा पंचेचाळिशी सहज ओलांडतो. हॉलमध्ये कूलर असा घोंघावत होता की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. बापूंनी जोडणी केली आणि फर्मावलं, "कूलर बंद करा."

"मे महिन्यात? माणूस मरते बावा!"

शेवटी एका गाण्यापुरता कूलर बंद झाला. सगळे घामाघूम, कोणी हलेना. आलाप सुरू झाला. बापूंनी बोट वर केलं. "काही आयकू आलं?"

"आलं नं साडभाऊ," साडू म्हणाले, "घाम टपकल्याचा आवाज आला."

बापू त्याच संध्याकाळी परत निघाले. साडूंनी गाडीभाडं देऊ केलं, हे त्यांना जास्त लागलं.

पण पुढच्या पावसाळ्यात गल्लीजवळ वीज कोसळली. बापूंचा राऊटर गेला, त्याच्याजवळचा कन्व्हर्टर गेला. स्ट्रीमर आणि अ‍ॅम्प्लिफायरला धक्काही लागला नाही. काचेतून वीज पुढे गेलीच नाही. बापूंनी मोहल्लाभर पेढे वाटले आणि प्रत्येक पेढ्यामागे एक व्याख्यान दिलं.

तेव्हा वऱ्हाडातल्या माझ्या वाचकांना एवढंच सांगणं: फायबर घ्यायची तर विजेच्या भीतीनं घ्या, आणि राऊटरचा प्लग पावसाळ्यात काढून ठेवला तर तीही फारशी लागत नाही. आवाज सुधारायचा असेल तर स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा, त्याला पैसे पडत नाहीत. कूलर मात्र चालू ठेवा.