लढाई कुणी पाहिली?

आमच्या तात्यांचा, म्हणजे आजोबांचा, फौजेतला हुद्दा नाईकाचा. घोडपदेवच्या चाळीने त्यांना परस्पर बढती देऊन सुभेदार केलं. शंभरीला तीन वर्षं कमी असताना ते गेले, तेव्हा नाक्यावरच्या फलकावरही ‘सुभेदार’च लागलं. कागदावर नसलेली ही बढती त्यांनी हयातभर एकदाही नाकारली नाही.

गाव माणगाव तालुक्यातलं. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि थेट इटलीला पोचले. आमच्याच तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ला टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांनी एकट्याने मशीनगनचं ठाणं काबीज केलं, तिथेच ते पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. हे घाडगे दर दिवाळीला तात्यांच्या जरा जवळ सरकत. मी शाळेत असताना ते तात्यांच्या पलटणीत होते, दहावीला कंपनीत आले आणि मला नोकरी लागेपर्यंत दोघं एका तंबूत झोपायला लागले होते.

गॅलरीत पोरं जमवून तात्या डोंगर चढू लागले, की आतून आजीचा आवाज यायचा, “हे तिकडे खारट शेवया खात होते. लढाई मी बघितली!”

आणि पंचाईत अशी, की ते खरं होतं. १४ एप्रिल १९४४. तात्या इटलीत, आणि नवी नवरी आजी घोडपदेवला सासरी. त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोट उभी होती. पोटात कापसाच्या गाठी, सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि वर सोन्याच्या विटा. हे तिन्ही एकाच बोटीत भरायची अक्कल ज्या कुणाची, त्याला आजी मरेपर्यंत ‘तो मुडदा’ म्हणायची. दुपारी आग लागली, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. हादऱ्याची नोंद म्हणे सिमल्याच्या भूकंपयंत्रावर झाली. मग आमच्या मोरीतल्या हंड्याची काय कथा! आजी कळशी घेऊन जिना चढत होती. कळशी खाली आणि ती वर, असा तिचा हिशेब. अर्ध्या तासात दुसरा स्फोट. आग विझवताना सहासष्ट बंबवाले गेले, म्हणून तर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. आभाळातून जळता कापूस पडत होता, कुणाकुणाच्या घरात सोन्याची वीटही पडली. “आपल्या पत्र्यावर मात्र कापूसच आला,” हे आजी अशा नजरेने सांगायची, की जणू तात्या जागेवर असते तर नेम धरून वीट झेलली असती.

युद्ध संपल्यावर तात्या गिरणीत साच्यांवर लागले. तिथेही त्यांच्या वाट्याला न संपणारीच लढाई आली. १८ जानेवारी १९८२चा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे नव्वदी ओलांडल्यावर कुणी “तात्या, सध्या काय करता?” विचारलं, की ते गंभीरपणे म्हणत, “संपावर आहे.”

एका २६ जानेवारीला चाळीच्या सत्यनारायणाच्या पूजेत मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, माइक. इटली सगळ्यांना पाठ, हे तात्यांनी ओळखलं असावं. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, “१४ एप्रिल १९४४. मी कळशी घेऊन जिना चढत होतो...”

पहिल्या रांगेतून आजी उठली. गुडघे धरत स्टेजवर गेली, माइक हातात घेतला आणि म्हणाली, “हे खोटं बोलतायत. कळशी माझी होती.”

टाळ्या थांबेनात. अध्यक्षांना काही सुचेना, तेव्हा आजीनेच तात्यांच्या खांद्यावरची शाल काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. नारळ मात्र त्यांच्याकडेच राहू दिला, घरी जाऊन सोलायला.