आठने भागायचे आम्ही, मिरवायचे तुम्ही?

प्रति,
इंटरनेटच्या प्लॅनची पत्रके छापणारे साहेब,


उत्तनच्या नाक्यापासून भाटेबंदरापर्यंत तुमचे ‘१०० एमबीपीएस’ ठळक अक्षरांत पोहोचले आहे. त्यातली ‘एमबी’ म्हणजे नक्की काय, हे सांगणारी ओळ मात्र पत्रकावर नाही. ‘अटी लागू’ छापायला जागा उरते, मापाचे नाव छापायला उरत नाही. वा!

इंग्रजीत निदान धाकटा ‘बी’ बिटचा आणि थोरला ‘बी’ बाइटचा, एवढा भेद डोळ्यांना दिसतो. देवनागरीत धाकटे-थोरले अक्षर नसते. मराठी पत्रकावर ‘एमबी’ छापले की मेगाबिट आणि मेगाबाइट एकाच वेषात उभे राहतात. गिऱ्हाईक बिचारे मोबाइलवर रोज दिसणारी एमबी धरून चालते: फोटो ३ एमबीचा, व्हिडिओ ४० एमबीचा. तुम्हाला हे पक्के ठाऊक आहे. ठाऊक असूनही तुम्ही ते तसेच ठेवता, म्हणून हे पत्र.

तुम्ही टाळलेला हिशेब मीच मांडते. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. डेटाच्या पाकिटांवर जे पत्ते-शिक्के लागतात त्यांत थोडा वेग खर्च होतो, म्हणून हाती १२ च्या आतबाहेर येतात. १ जीबीचा सिनेमा उतरवायला ८० सेकंदांहून थोडे अधिक लागतात. तुमच्या पत्रकावरची एमबी खरी मानणाऱ्याला वाटते, १० सेकंद पुरे.

तुम्ही म्हणाल, तारेवरचा वेग जगभर बिटमध्येच मोजतात. खरे आहे, आणि त्याला कारणही आहे. तारेतून एकामागून एक जातात ते बिट. डिजिटल टेलिफोनने माणसाच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले, प्रत्येक नमुन्याला ८ बिट दिले आणि एका संभाषणाचे ६४ किलोबिट ठरले. त्या अभियंत्यांनी कोणाला फसवले नाही. त्यांचे माप त्यांच्या कामासाठी होते. तुम्ही ते माप त्यांच्या टेबलावरून उचलून आमच्या दारात आणले आणि त्याचे नाव तेवढे मागे ठेवून आलात.

आमच्या बंदरावर बोंबील, पापलेट वजनावर विकायचे तर काट्यावर वैधमापनाचा शिक्का लागतो. किलो म्हणजे किती, यावर कोळीण आणि गिऱ्हाईक भांडत नाहीत. भांडतात ते भावावर. तुमच्या मालात भाव आधी कळतो, माप शेवटपर्यंत कळत नाही.

आणि या न कळण्यातच तुमची खरी सोय आहे. समजा, एका घरात स्क्रीनवर १२ मेगाबाइटचा वेग दिसतो. घरातले लोक घाबरून फोन करतात आणि त्यांना उत्तर मिळते की हा बिट-बाइटचा फरक आहे. उत्तर बरोबर असते. शेजारच्या घरात ४ मेगाबाइट दिसतात. म्हणजे ३२ मेगाबिट, कबूल केलेल्या वेगाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. त्या घरालाही तेच उत्तर देता येते, आणि ते घरही गप्प बसते. खरी तूट आणि मापाचा फरक यांत भेद करता येऊ नये, तक्रारीला तोंडच फुटू नये, एवढे काम तुमची ती एक न छापलेली ओळ करते. माझा राग आहे तो यावर.

आता बारीक अक्षरांकडे वळू. रोजचा डेटा संपला की अनेक मोबाइल प्लॅनमध्ये वेग ६४ किलोबिटवर येतो. सेकंदाला ८ किलोबाइट. जुन्या टेलिफोनच्या एका संभाषणाएवढा तो वेग, आणि पत्रकावर त्याच्याच शेजारी ‘अमर्याद’ हा शब्द! बोटीवर जाण्याआधी कोणी हवामानाचा २ एमबीचा नकाशा उघडला, तर तो पुरता यायला ४ मिनिटांहून जास्त लागतील. वाढलेल्या वाऱ्यात बोट सोडायची की नाही, हे ठरवणाऱ्या माणसाला ही ४ मिनिटे आधीच ठाऊक असायला नकोत का?

सरकारी व्याख्याही बिटमध्येच बोलते. ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी २००४ च्या धोरणात किमान २५६ किलोबिट पुरे होते, २०१३ मध्ये ५१२ झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. या किमान वेगाने १ जीबी उतरवायला तास उलटून ६ मिनिटे ४० सेकंद लागतात. माप कोणते, हे सरकारी व्याख्येत निदान कळते. तेवढे तुम्हालाही जमेल.

तेव्हा मागणी ऐका. पत्रकावर ‘एमबीपीएस’ नको. ‘सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे सुमारे १२ मेगाबाइट’ असे पूर्ण शब्दांत मराठीत छापा. डेटा पाठवण्याचा वेग वेगळा असेल तर तो वेगळा सांगा. मर्यादा संपल्यानंतरचा वेग वरच्या आकड्याएवढ्याच अक्षरांत लिहा. यातल्या कशालाही नवी तार लागत नाही, नवा मनोरा लागत नाही. शाईच्या दोन ओळी लागतात.

आणि माझ्या गावकऱ्यांनो, तुम्हीही हे लक्षात ठेवा: पत्रकावरच्या आकड्याला ८ ने भागा. वेग तपासताना घरातली बाकीची उपकरणे बंद ठेवा, जमल्यास कॉम्प्युटर थेट तारेने जोडा आणि आलेला आकडा तारीख-वेळेसह लिहून ठेवा. भागाकारानंतरही मोठी तूट उरली, तर ती तूट विक्रेत्याची आहे. तक्रार लेखी करा आणि तिचा क्रमांक मागून घ्या.

साहेब, तुमचा माणूस पुढच्या खेपेला उत्तनला येईल तेव्हा त्याला दारात दोनच प्रश्न विचारले जातील. सेकंदाला किती मेगाबाइट? आणि मर्यादा संपल्यावर किती? उत्तर कागदावर मिळाले तरच पैशांचे बोलू.

कळावे,
उत्तनची एक ग्राहक