तिकिटाचे पैसे कुणी दिले?

वहिनी, काल रात्री तुमच्याकडे 'चंदू चॅम्पियन' लागला होता ना? तक्रार नाही हो, आवाज आमच्या ओट्यापर्यंत येत होता म्हणून विचारलं. गवार मोडता मोडता निम्मा सिनेमा मी कानांनीच पाहिला. रडलात ना? वाटलंच मला. थेटरात मीही रडले होते. पण बाहेर पडल्यावर यांना विचारलं, बाकी सगळं खरं, पण या माणसाच्या परदेशच्या तिकिटाचे पैसे कुणी दिले? हे म्हणाले, तुला नेमकं हेच कसं सुचतं!

सिनेमा ज्यांच्यावर आहे ते मुरलीकांत पेटकर आमच्याच बाजूचे. पुण्याहून कोल्हापूरला जाताना पेठनाका लागतो ना, त्या पेठचे. तालुका वाळवा, जिल्हा सांगली. माझं माहेर कराड, म्हणजे तासाभराच्या एसटीवर. एवढं जवळ असून सिनेमा येईपर्यंत मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. आता बोला!

पोरपणी कुस्तीचा नाद. एका कुस्तीवरून गावात म्हणे इतकं बिनसलं की पोरगा घरातून पळाला, तो थेट पुण्याला लष्कराच्या बॉइज बटालियनमध्ये. पुढे ईएमईत, म्हणजे लष्करातल्या गाड्या-यंत्रं बघणाऱ्या खात्यात. तिथे बॉक्सिंग धरलं.

मग १९६५ चं युद्ध. त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे, शिट्टी वाजली तशी जवानांना वाटलं दुपारच्या चहाची. मगबिग घेऊन बाहेर यायचे तर वरून विमानं. नऊ गोळ्या लागल्या, वहिनी. कोसळले तर आपल्याच लष्कराची गाडी अंगावरून गेली. एक गोळी मणक्यात रुतली, ती काढलीच नाही. कमरेखालचं अंग गेलं. वीस-एकवीस वर्षांचं वय, आपला बंड्या या वयात मोबाइलचा चार्जर सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घेतो.

हॉस्पिटलात व्यायाम करून घेणाऱ्यांनी सांगितलं, पाण्यात उतर. औषध म्हणून हो, पदकासाठी नाही! पाण्यात पायांचं ओझं उरत नाही ना. कुस्ती नि बॉक्सिंगनं कमावलेले दंड होते, ते कामाला आले. १९६८ साली तेल अवीवला पॅरालिंपिकला गेले ते मात्र टेबल टेनिस खेळायला. पोहण्याचं फळ मिळालं १९७२ ला, जर्मनीत हायडेलबर्गला. ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, सुवर्ण, वर जागतिक विक्रम. तुमच्या कुकरची पहिली शिट्टीसुद्धा होत नाही तेवढ्यात. भालाफेक आणि खुर्चीवरून अडथळे पार करायच्या शर्यतीतही अंतिम फेरी गाठली होती, ते कुणी सांगतच नाही. आणि ही स्पर्धा हायडेलबर्गला का, माहीत आहे? त्या वर्षीचं ऑलिंपिक म्युनिकला होतं, पण तिथल्या खेळाडूंच्या वसाहतीतले फ्लॅट लोकांना राहायला द्यायचे ठरलेले. जागा नाही म्हणून अपंगांचे खेळ दुसऱ्या गावी! बिल्डर लोक सगळीकडे सारखेच.

ऑलिंपिकमध्ये भारताला एकट्यानं मिळवलेलं सुवर्ण म्हटलं की आपण अभिनव बिंद्राचं नाव घेतो, २००८ चं. पॅरालिंपिकमध्ये ते ३६ वर्षं आधी झालेलं होतं.

हां, पैशाचं. विजय मर्चंट! हो, तेच, क्रिकेटवाले, गिरणीमालक. अपंगांसाठी त्यांची संस्था होती, तिनं पेटकरांच्या तिकिटांचा भार उचलला. माझा जीव भांड्यात पडला. नाहीतर लोक नुसतं जिद्द, जिद्द करतात. जिद्दीला विमानात कोण बसवून घेतं हो?

आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं तेच. १९५२ ला ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला जायचं, खिशात दमडी नाही. गावानं वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले असं आमच्याकडे अजून सांगतात. विद्यार्थ्यासाठी घर! मला तर त्या खर्डेकरांच्या बायकोचं वाटतं. त्या रात्री त्या घरात काय बोलणं झालं असेल, यावर कुणीतरी सिनेमा काढायला हवा. कांस्य आणलं खाशाबांनी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अर्जुन पुरस्कार मिळाला तो ते गेल्यावर.

पेटकरांनी पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी केली, कितीतरी वर्षं. सहकाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की शेजारी डबा खाणारा हा माणूस जगज्जेता आहे? १९८२ ला त्यांनी अर्जुनसाठी विचारून पाहिलं, तर सरकारवाले नाही म्हणाले. मी असते तर पदक त्यांच्या टेबलावर आपटून आले असते. पद्मश्री आली २०१८ ला, सिनेमा २०२४ ला, आणि अर्जुन २०२५ च्या जानेवारीत, जीवनगौरव म्हणून. वय ऐंशी पूर्ण!

आता खरी गंमत ऐका. त्याच समारंभात अर्जुन घ्यायला आणखी एक सांगली जिल्ह्यातला होता. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी. लहानपणी सायकलवरून पडला, हात कायमचा अधू झाला. दुसऱ्या हातानं गोळा फेकून पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये रौप्य आणलं, १६.३२ मीटर. एकाच जिल्ह्याचे दोघे, एकाला पदकानंतर चार महिन्यांत अर्जुन, एकाला बावन्न वर्षांनी.

सचिनचा हेवा नाही हो, उलट असंच व्हायला हवं. केंद्र सरकारनं पॅरिसच्या रौप्यपदकाला ५० लाख दिले आणि सुवर्णाला ७५. तुमचे जावई बँकेत आहेत ना? त्यांना जरा विचारा, १९७२ च्या सुवर्णाची थकबाकी आजच्या दरानं, चक्रवाढ व्याजासकट, किती होते. आणि हो, विचारून झालं की मलाही सांगा, आमच्या एफडीचंही बोलायचंय त्यांच्याशी.