पोळ्यापर्यंत चावी हातात

राळेगावात घर बांधण्याचा करार साधारणपणे चहाच्या टपरीवर होतो आणि मोडतोही तिथंच. मधल्या काळात जे उभं राहतं, त्याला घर म्हणायची पद्धत आहे. हा व्यवहार टपरीऐवजी कागदावर करायची दुर्बुद्धी ज्यांना सुचली असेल, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन. मार्गदर्शकाची पात्रता विचाराल तर एवढीच, की त्यानं एक घर बांधलं आहे आणि त्या घराच्या हॉलमधली भेग खिडकीच्या कोपऱ्यातून निघून सध्या गणपतीच्या फोटोपर्यंत पोचली आहे. विघ्नहर्ता तिला तिथं अडवेल अशी घरच्यांची श्रद्धा आहे.

पहिली अडचण लाजेची. ठेकेदार परका नसतो. तो साळ्याच्या वर्गातला असतो, किंवा त्याच्या बापानं आपल्या बापाचा गोठा बांधलेला असतो. कागदाचा विषय काढला की तो कप खाली ठेवतो आणि दुखावल्या आवाजात म्हणतो, "आपल्या मानसासंग कागद कायले, भाऊ?" या प्रश्नाला खरं उत्तर देऊ नये. "कागद माह्यासाठी नाही रे, बँकेले लागते," असं सांगावं. कर्ज घेतलं नसलं तरी सांगावं. बँकेच्या नावावर आजवर एवढं खपलं आहे, त्यात हे एक.

कायद्याचं म्हणाल तर १८७२ चा करार कायदा तोंडी करारालाही करारच मानतो. पण तो सिद्ध करायचा तर टपरीवाल्याला साक्षीला न्यावं लागतं, आणि त्याच्याकडे ठेकेदाराची उधारी असते. रेराच्या भरवशावर राहू नका; २०१६ चा तो कायदा बिल्डरकडून घर विकत घेणाऱ्यांसाठी आहे. आपल्याच प्लॉटवर आपणच ठेकेदार लावला की आपण त्याच्या छत्रीबाहेर. मात्र ग्राहक संरक्षण कायद्यानं घरबांधणीला 'सेवा' म्हटलं आहे, त्यामुळं काम फसलं तर दोन वर्षांच्या आत यवतमाळला ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तिथं पहिली गोष्ट विचारतील ती कागद. स्टॅम्प पेपर ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा पाचशेला झाला. महाग कागदावर लोक विचार करून लिहितील असं सरकारला वाटलं असावं. झालं असं की कागद महाग म्हणून लोक मजकूरच आवरता घेतात.

सात-बारा, आखीव पत्रिका, एनए, लेआउटची मंजुरी, नगर पंचायतीची बांधकाम परवानगी हे सगळं सहीच्या आधी तुम्ही स्वतः पाहायचं. ठेकेदाराला विचारू नका. त्याच्या मते जगातले सगळे प्लॉट क्लिअर आहेत.

आता जमीन. इथं जरा बसून बोलू.

आपली काळी जमीन कापसाची सख्खी आई आणि घराची सावत्र. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये वावरातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. हेच जनावर तुमच्या घराखाली झोपलेलं असतं आणि दरसाल कूस बदलतं. आजोबांचं मातीच्या भिंतींचं, कवेलूचं घर त्याच्यासोबत थोडं कुरकुरत हलायचं आणि आजी दिवाळीच्या आधी पोतेरं फिरवून भेग बुजवायची. सिमेंटच्या भिंतीला हलता येत नाही. ती फाटते, बहुधा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी. (गणपतीचा फोटो त्याच रेषेत लावलेला असणं हा योगायोग.)

म्हणून सहीच्या आधी खड्डा खणा. प्लॉटच्या दोन टोकांना दोन, आणि मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहा. ठेकेदाराचं कोटेशन पाच फुटांचं असतं आणि मुरूम कोटेशन वाचत नाही. तो आठ फुटांवर लागला, की खालचे तीन फूट 'एक्स्ट्रा'. पाच फुटांपुढच्या प्रत्येक फुटाचा खोदाईचा, काँक्रीटचा आणि लोह्याचा दर करारात आधीच घाला. खड्डा झाल्यावर भाव ठरवू नये; तेव्हा तुम्ही खड्ड्यात असता आणि तो काठावर.

माती किती फुगरी आहे हे पाहायची एक साधी चाचणी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन मोजपात्रं उसनी आणा. वाळवून बारीक चाळलेली माती दोन्हींत दहा-दहा ग्रॅम टाका. एकात पाणी भरा, दुसऱ्यात घासलेट. ढवळून चोवीस तास ठेवा. घासलेटात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातली माती घासलेटातल्या मातीच्या दीडपटीवर गेली, तर साध्या पायाचा नाद सोडा आणि इंजिनिअर गाठा. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं अशाच मातीसाठी खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले खांब विकसित केले. फुगणाऱ्या थराखाली उतरून ते घराला धरून ठेवतात. हे मी माझ्या ठेकेदाराला समजावून सांगितलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, आपल्या इकडं कांदा होत नाही. कापूसच बरा."

निदान एवढं तरी लिहून घ्या: पायाच्या खड्ड्यातून निघालेली काळी माती परत त्यातच भरायची नाही, मुरूम भरायचा, आणि घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन तीन-चार फुटांची पक्की पट्टी करायची, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरणार नाही. पट्टी शेवटी होते. म्हणजे पैसे संपल्यावर होते. म्हणजे होत नाही.

यानंतर शब्द. करारातले धोकादायक शब्द अवघड नसतात. ज्यांचा अर्थ दोघांनाही माहीत आहे असं दोघांनाही वाटतं, ते धोकादायक.

'फूट' घ्या. तुमचं घर २५ बाय ३० चं, म्हणजे ७५० फूट. ठेकेदार स्लॅब मोजतो. स्लॅब चारही बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर काढलेला, म्हणजे २९ बाय ३४, म्हणजे ९८६ फूट. समजा दर १,८०० रुपये ठरला, तर मधल्या २३६ फुटांचे ४ लाख २४ हजार ८०० रुपये होतात, आणि तेवढ्या पैशांत तुम्हाला चिमण्यांसाठी सावली मिळते. छज्जा पूर्ण मोजायचा, अर्धा मोजायचा की नाहीच. जिना एकदा मोजायचा की प्रत्येक मजल्यावर. वरची भिंत आणि पाण्याची टाकी दरात आहे की बाहेर, हे नकाशावर पेन फिरवून ठरवा आणि त्या नकाशावरही दोघांची सही घ्या.

'सूत' घ्या. कापसाच्या गावात दोन प्रकारचं सूत चालतं: एक अंगावर येतं, दुसरं स्लॅबमध्ये जातं. मिस्त्रीचा सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे आठ एमएम, तीन सूत म्हणजे दहा, चार सूत म्हणजे बारा. 'चार सुताचं लोहा टाकू' हे वाक्य ऐकायला भारी वाटतं, पण किती काड्या आणि किती अंतरावर, हे त्यात नाही. एका कॉलममध्ये चार काड्याही चार सुताच्याच असतात आणि आठही. म्हणून इंजिनिअरचं लोह्याचं ड्रॉइंग कराराला जोडा. काडी वजनाला बरोबर आहे का, हे पाहायला व्यासाचा वर्ग करून १६२ नं भागा, एका मीटरचे किलो निघतात. बारा एमएमची बारा मीटरची काडी साडेदहा किलोच्या थोडी वर भरली पाहिजे. कापूस विकताना वजनकाट्याकडे डोळे लावून बसणारा आपला माणूस लोहा घेताना मात्र ट्रकवाल्याच्या शब्दावर कसा जातो, हे मला कळलेलं नाही.

'चांगला माल' या शब्दाला तर अर्थच नाही. सिमेंटची जात, लोह्याचा ग्रेड, फरशीचा फुटाला जास्तीत जास्त भाव, लाइटचे पॉइंट किती, नळ कोणत्या कंपनीचे हे लिहा. काय येणार नाही हेही लिहा: सेप्टिक टँक, कंपाउंड, बोअर, मीटर. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ही बातमी कोटेशनपर्यंत पोचली आहे का तेही बघा. वाढलेला कर त्याच दिवशी पोचतो. कमी झालेला पायी येतो.

रेतीचा विषय मात्र सांभाळून काढावा. वर्धा नदी आपल्या तालुक्याच्या कडेनं वाहते, तिच्यात रेती आहे, आणि तरीही रेती मिळत नाही. ही तीन सत्यं एकाच वेळी खरी असतात. २०२३ मध्ये सरकारनं डेपोवरून ६०० रुपये ब्रास भाव जाहीर केला होता, नंतर घरकुलाला पाच ब्रास मोफत द्यायचं ठरलं. आपल्याला ती कोणत्या भावानं पडली, ते ज्यानं त्यानं आपल्या बायकोला विचारावं. करारात एवढंच लिहा की रेती ठेकेदारानं आणायची, पावतीसह, आणि ती मिळाली नाही म्हणून काम थांबलं तर ते दिवस कोणाच्या खात्यात. 'दिवसा आणायची' असंही लिहिता येईल, पण मग ती येणार नाही.

इथं हमखास एक आदर्शवादी पाहुणा गांधीजींचं उदाहरण देतो. सेवाग्राम आपल्यापासून काही फार लांब नाही. १९३६ मध्ये तिथं झोपडी बांधायची ठरली तेव्हा गांधीजींची अट होती: खर्च शंभर रुपयांच्या आत, सामान आणि कारागीर जवळपासचेच. खर्च शंभरात बसला नाही. ज्यांच्यापुढं इंग्रज टिकले नाहीत, त्यांच्यापुढंही एस्टिमेट टिकलं नाही, हे लक्षात ठेवा आणि आपल्या आकड्यावर आणखी काही बाजूला काढून ठेवा. जवळपासच्या सामानाचं म्हणाल तर आपलं सिमेंट चंद्रपूरकडून येतं आणि लोहा जालन्याहून. भेग तेवढी शंभर टक्के स्थानिक.

'पाणी मालकाचे' अशी एक निरुपद्रवी ओळ जवळजवळ प्रत्येक करारात असते. तिचा अर्थ मे महिन्यात कळतो. भारतीय मानक सांगतं की काँक्रीट साध्या सिमेंटचं असेल तर किमान सात दिवस ओलं ठेवायचं, मिश्र सिमेंटचं असेल तर दहा. हवा कोरडी-गरम असेल तर मिश्र सिमेंटला चौदा दिवसांपर्यंत न्यावं. विदर्भातल्या मे महिन्याला 'कोरडी-गरम हवा' म्हणणं हा मानक ब्यूरोचा सभ्यपणा आहे. टँकर मालकाचा, ठीक. पण पाइप कोणाच्या हातात? लिहिलं नसेल तर तो वडिलांच्या हातात येतो. आमच्याकडे दोन वेळा उपरणं डोक्याला बांधून म्हातारा स्लॅबवर चढत होता, आणि मिस्त्री खालून सांगत होता, "काकाजी, त्या कोपऱ्यात कमी पडलं." दुसरी एक गोष्ट याच्या उलट: काँक्रीट कालवताना पाणी जेवढं जास्त तेवढं ते हातानं सोपं सरकतं आणि तेवढंच कच्चं राहतं. म्हणजे मिसळताना पाणी कमी, नंतर जास्त. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो, कारण मिसळताना ते मजुराच्या सोयीचं असतं आणि नंतर फक्त घराच्या.

पैशाचा नियम एका ओळीचा: काम पुढं, पैसा मागं. जोतं, स्लॅब, विटकाम, प्लास्टर, असे टप्पे पाडा आणि शेवटचे पाच-दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत ठेवून घ्या. स्लॅबच्या दिवशी सकाळी सात वाजता, मिक्सर सुरू करून, तीसेक मजूर उभे ठेवून ठेकेदार हळूच 'थोडं पाहा ना, भाऊ' म्हणतो. तेव्हा तुम्ही नाही म्हणू शकत नाही, म्हणून आदल्या रात्री फोन बंद करू नका. तेव्हाच भांडून घ्या. तीसेक मजूर मी सवयीनं म्हटलं. बांधकाम कामगार म्हणून नाव नोंदवलेले गावात पुष्कळ आहेत, भांड्यांचा संच वाटतात त्या दिवशी रांग मावत नाही. पण स्लॅब जर कापूस वेचणीच्या दिवसांत आला, तर तुम्ही, मिस्त्री आणि त्याचा पुतण्या.

राहता राहिली मुदत. 'पोळ्यापर्यंत चावी हातात' हे इथल्या बांधकाम व्यवसायाचं ब्रीदवाक्य आहे आणि ते कधीच खोटं ठरलेलं नाही, कारण पोळा दरवर्षी येतो. माझ्या वेळी तो दोनदा येऊन गेला. दुसऱ्या पोळ्याला बैलजोडी घेऊन आलेल्या शेजाऱ्याला आम्ही दार नसलेल्या चौकटीतून ओवाळलं.

म्हणून २०२५ च्या दिवाळीनंतर भाच्याचा करार झाला तेव्हा मी साक्षीदार म्हणून मुद्दाम गेलो. दोन खड्डे खणून झाले होते, छज्जा अर्धा मोजायचा ठरला, वाढीव खोलीचा दर लिहिला, लोह्याचं ड्रॉइंग जोडलं, पाइप ठेकेदाराच्या माणसाच्या हातात दिला. मुदतीच्या ओळीवर आलो तेव्हा भाच्यानं पेन उचललं. मी त्याला थांबवून ठासून लिहायला लावलं: पोळा, सन २०२६. वर्ष वाचून ठेकेदार थोडा वेळ गप्प बसला. मग उठून त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"मामाजी, येत्या साली जेठ अधिक हाये न? पोळा पुढं सरकला," तो म्हणाला. "हा महिना एक्स्ट्रा. याचे पैसे नाही लावत मी तुमाले."