चक्ररंजनविधी

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मोटारीची, व तिच्याबरोबर मालकाचीही, खरी किंमत ठरते ती कार्यालयापुढील लग्नाच्या गर्दीत, अथवा साखर कारखान्याच्या वार्षिक सभेच्या दिवशी मंडपाबाहेर लागलेल्या गाड्यांच्या रांगेत, आणि तीही चार मॅगव्हीलांकडे, म्हणजे ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांकडे, टाकलेल्या एका ओझरत्या कटाक्षाने. त्या कटाक्षास पात्र राहण्याची आकांक्षा तर आहे, परंतु उसाचे बिल अद्याप यावयाचे असल्याने नवीन चाकांचा संच घेणे शक्य नाही, अशा मध्यम स्थितीतील सद्गृहस्थांच्या हितार्थ हा विधी येथे सांगत आहोत.

आरंभी चाकांचा रीतसर पंचनामा करावा. गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोरून आला म्हणजे रस्त्याचा मध्यभाग त्याच्या नावे खालसा होतो आणि आपले डावे चाक कडेला घासते. ही पहिली जखम. ब्रेकमधून उडणारी लोखंडाची तप्त भुकटी चाकाच्या पारदर्शक थरात रुतून बसते आणि पहिल्या पावसात तांबूस ठिपक्यांच्या रूपाने आपला कब्जा जाहीर करते, ही दुसरी. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, या लोकसमजुतीवर निर्धास्त झोपणाऱ्या मालकास तिसरी उशिरा दिसते : टवका उडालेल्या जागेतून ओल आत शिरून रंगाखाली पांढऱ्या वळवळत्या रेषा पसरू लागतात, आणि नखाने खरवडताच रंगाचा पापुद्रा हातात येतो. या तिन्ही जखमा रंगसाध्य आहेत. परंतु ज्या चाकाची हवा वारंवार उतरते, आणि साबणाचे पाणी लावताच ज्याच्या कडेवर बुडबुडे धरतात, त्यास तडा गेला असण्याचा संभव असल्याने ते आधी जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावे, आणि तडा निश्चित झाल्यास रंगाचा विचार सोडून भंगारवाल्याच्या हवाली करावे.

आमच्या वडीलधाऱ्यांना ही विवंचना नव्हती. याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभारणाऱ्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मोटारींची चाके पोलादी पत्र्याची असत, वाकली तर हातोड्याने पुष्कळशी ताळ्यावर येत, आणि उरलेली अब्रू वरची चकचकीत टोपी झाकून घेई. ओतीव अ‍ॅल्युमिनियम मात्र मानी असते. जबर आघाताखाली ते वाकण्यापेक्षा तडकणे पसंत करते.

आता काटकसरी मनुष्यास प्रथम सुचतो तो घरच्या अंगणातला मार्ग : पॉलिश पेपर, प्रायमर, रंगाचे स्प्रे कॅन आणि वरून लॅकर. या मार्गास तात्त्विक हरकत काहीच नाही. हरकत आहे ती ऋतूंची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्याची धुराडी पेटली की भुश्श्याची राख आणि पेटवलेल्या पाचटाची काळी फुले ओल्या रंगावर बिनबोभाट उतरतात, व हा उत्सव बहुधा मार्चपर्यंत चालतो. पुढे वैशाखवणवा, ज्यात रंगाचा तुषार चाकाला पोहोचण्यापूर्वीच निम्मा वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. मग पावसाळा, ज्याच्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. उरतात सप्टेंबरातले काही दिवस, ते गणपतीत जातात. शिवाय हार्डनर मिसळलेल्या लॅकरची वाफ फुप्फुसास अपायकारक असून तोंडाला बांधलेल्या रुमालाने ती अडत नाही, हे कुटुंबातील हौशी पुतण्यास आधीच बजावून ठेवावे.

सबब शहाण्याने एमआयडीसीची वाट धरावी. पियाज्जोच्या तीनचाकी गाड्या जेथे तयार होतात त्या बारामतीच्या वसाहतीत, किंवा आपल्या गावाजवळच्या कोणत्याही शेडमध्ये, पावडर कोटिंगची क्रिया एकच असते : बंदुकीतून उडणाऱ्या कोरड्या पावडरीला हजारो व्होल्टचा विद्युत्भार दिलेला असतो, चाक तारेने भूमीशी जोडलेले असते, आणि त्या आकर्षणाने पावडर चाकाला चिकटून राहते, मग भट्टीत सुमारे १८० ते २०० अंश सेल्सियसला ती वितळून एकजीव होते व साठ ते ऐंशी मायक्रॉनचा टणक थर मागे राहतो. हे सर्व शास्त्र झाले. काटकसरीचे मर्म त्यात नाही.

मर्म असे की पावडरवाल्याचा वेळ रंग देण्यात जातो त्याहून अधिक रंग बदलण्यात जातो. एका रंगाचे काम उरकून दुसरा घ्यावयाचा तर बंदूक, नळ्या, बूथ, सर्व झाडूनपुसून काढावे लागते, आणि आपल्या चार चाकांसाठी एवढा इतमाम करण्याचा मोबदला तो आपल्याकडूनच वसूल करणार, हे न्याय्यच आहे. म्हणून ज्यास स्वस्तात काम हवे त्याने रंग निवडण्याचा हक्क सोडून द्यावा व नम्रपणे एवढेच विचारावे, "आज कोणता रंग चाललाय?" उत्तर येईल, "काळा चाललाय सायेब, बंगल्याचं फाटक हाय. करड्याला सोमवारी या." त्याच दिवशी, त्याच भट्टीच्या फेरीत, फाटकाच्या दोन पाखांमधल्या रिकाम्या आकड्यांवर आपली चाके टांगून घ्यावीत. यायोगे आपली मोटार निमगाव केतकीच्या कोणा डाळिंब बागायतदाराच्या फाटकाशी सगोत्र होते, याचे वैषम्य मानू नये. पुढेमागे त्याच्या दारात गाडी उभी करण्याचा योग आला तर ती शोभूनच दिसेल.

मात्र दिवस फाटकाचा असावा, कपाटाचा नसावा. घरातल्या कपाटांसाठी वापरली जाणारी इपॉक्सीमिश्रित पावडर उन्हात लवकर निस्तेज होते. बाहेरच्या वस्तूंना पॉलिएस्टरची लागते. हा भेद ज्यास विचारावासा वाटला नाही, त्याची चाके दुसऱ्याच उन्हाळ्यात भस्म फासल्यासारखी दिसू लागतात.

चाके हवाली करताना काही अटी तोंडी न ठेवता चिठ्ठीवर लिहून द्याव्यात. टायर, व्हॉल्व्ह व वजने पंक्चरवाल्याकडून आधीच उतरवून न्यावीत. लोखंडी ग्रिलसाठी भरून ठेवलेल्या कॉस्टिकच्या टाकीत चाक बुडवू देऊ नये, कारण कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमलाच खाऊन टाकते. जुना रंग बारीक कणांच्या ब्लास्टिंगने काढावा. जुन्या ओतकामातील सूक्ष्म छिद्रांत कोंडलेली हवा भट्टीत बाहेर पडून रंगावर फोड आणते, म्हणून कोरे चाक पावडरीआधी एकदा तापवून घेण्याचा शिरस्ता चांगला कारागीर पाळतो. तथापि मिश्रधातूचे बळ उष्णोपचाराने आणलेले असल्याने चाके भट्टीत विसरून जेवणास जाण्याचा शिरस्ता त्याने पाळू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, नटांच्या बैठका व हबला टेकणारा मागचा भाग टेप लावून झाकलाच पाहिजे. तेथे रंगाचा थर बसला तर तो पुढे दबतो, झिजतो, आणि घट्ट आवळलेला नट कोणासही न कळवता सैल पडतो.

चाके परत आली की टायर चढवून बॅलन्सिंग करावे, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, आणि बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी या पालखीच्या वाटेने इंदापूरपर्यंत सावकाश एक फेरी मारावी. अंतर पन्नासेक किलोमीटरचे आहे, आणि नट पुन्हा तपासण्यास तज्ज्ञ सांगतात तेही अंतर साधारण एवढेच असते. इंदापुरात सावली बघून गाडी थांबवावी, चाके हाताला थंड लागेपर्यंत चहा घ्यावा, आणि मग टॉर्कचा पाना काढून प्रत्येक नट पुन्हा एकदा आवळावा. चार माणसे जमतील, चाके नवीन घेतलीत काय म्हणून विचारतील. त्यांना होय म्हणावे, की फाटकाची हकीकत सांगावी, हे ज्याने त्याने आपापल्या राजकीय भवितव्याकडे पाहून ठरवावे.